विदूषक आणि महानायक

रिकामा रंगमंच, समोर ध्वनिक्षेपक, बाजूला एक उंच स्टूल आणि तास-दीड तास अखंड बोलणारा एकच माणूस! महानगरांतील तरुण पिढी सुटीच्या संध्याकाळी तिकीट काढून ज्या 'स्टँड-अप कॉमेडी'ला गर्दी करते, तिचा सरंजाम एवढाच असतो. या प्रयोगांत राजकीय पुढारी हटकून येतात आणि त्यांच्या पाठोपाठ सुपरमॅन, बॅटमॅन आदी परदेशी अतिमानवही येतात. एकाच्या अंगावर खादीचे जाकीट, दुसऱ्याच्या पाठीवर झूल. या दोघांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु तो संबंध आहे, आणि तो सर्वांनीच गांभीर्याने समजून घ्यावा असा आहे.

सुपरमॅन जन्मला १९३८ साली, आर्थिक महामंदीने पोळलेल्या अमेरिकेत. स्वतः अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरण्यापूर्वीच 'कॅप्टन अमेरिका'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा नायक हिटलरला ठोसा लगावताना झळकला होता. संकट मोठे आणि माणसे हतबल, अशा वेळी समाजमनाला तारणहाराची स्वप्ने पडू लागतात. आपल्याकडेही इंद्रजाल कॉमिक्सच्या वेताळाने एका पिढीला भुरळ घातली आणि १९९७ पासून दूरदर्शनच्या 'शक्तिमान'ने दुसऱ्या पिढीला. मुलांनी अशा कथांत रमावे, यात गैर काहीच नाही. चिंता आहे ती मोठ्यांची. 'कोणी तरी एक येईल आणि सारे ठीक करील' ही बालसुलभ आशा मतदानाचा हक्क मिळाल्यावरही सुटत नाही, तेव्हा नागरिकाचा प्रेक्षक होतो आणि पुढाऱ्याचा अतिमानव! विनोदकार या दोघांना एकाच दोरीत बांधतो तो यामुळेच.

हे काम करणारा माणूस आपल्या परंपरेला नवा नाही. संस्कृत नाटकातील विदूषक राजाच्या शेजारी बसून राजाचीच फिरकी घेतो. तो जातीने ब्राह्मण, परंतु बोलतो प्राकृतात, म्हणजे सामान्यांच्या भाषेत. एकनाथ महाराजांच्या भारुडांनी दांभिकांचे बुरखे हसतखेळत फाडले. तमाशातील सोंगाड्याने तर भर वगात राजाला आणि प्रधानाला जमिनीवर आणले. सिंहासनावरील माणूस अखेर माणूसच आहे, याची आठवण देणारा कोणी तरी दरबारात असावा लागतो, हे शहाणपण आपल्या पूर्वजांनी जाणले होते.

मराठी रंगभूमीवर या शहाणपणाचे लखलखीत उदाहरण म्हणजे पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ'. १९६१ मध्ये तिचे एकपात्री प्रयोग सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम वर्ष लोटत होते. शंभराहून अधिक हुतात्म्यांचे रक्त सांडून मिळालेले ते राज्य! अशा वेळी पु. लं.नी चाळकऱ्यांना गच्चीसाठी आंदोलन करायला लावले आणि त्या प्रकरणाला 'गच्चीसह-झालीच पाहिजे' असे नाव दिले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे हे विडंबन ज्यांनी डोक्यावर घेतले, त्यांच्यातील कित्येकांनी स्वतः तीच घोषणा रस्त्यावर दिली असेल. कोणाला त्यात हुतात्म्यांचा अवमान दिसला नाही. कारण पु. ल. ध्येयाला हसत नव्हते. ध्येयाच्या नावाने चालणाऱ्या आपल्याच पोकळ आवेशाला हसत होते, आणि त्या चाळीत त्यांनी स्वतःलाही वगळले नव्हते. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रे उभी केली, तेव्हाही मराठवाड्याचा प्रेक्षक स्वतःच्या बोलीला आणि भाबडेपणाला मनमुराद हसला. स्वतःवर हसू शकणारा समाज दुबळा नसतो, हेच खरे.

याच पु. लं.नी आणीबाणीचा निर्भीड निषेध केला आणि १९७७ च्या निवडणुकीत प्रचारसभा गाजवल्या. लोकशाही परतल्यावर मात्र त्यांनी राजकीय व्यासपीठ सोडले आणि ते आपल्या लेखनाकडे वळले. या निवृत्तीचे मोल इटलीकडे पाहिले की कळते. तेथील बेप्पे ग्रिलो या विनोदी नटाने राजकारण्यांची टवाळी करता करता २००९ मध्ये स्वतःचाच पक्ष काढला. २०१३ मध्ये त्या पक्षाने सुमारे पाव मते मिळवली. कालचा विदूषकच उद्धारकर्ता झाला! अखेर २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या सदस्यांनी त्याचे पद मोडीत काढले. विदूषक महानायकाच्या खुर्चीत बसला की त्याला हसायचे कोणी, हा प्रश्न मग अनुयायांनाच सोडवावा लागतो.

आता आपल्या अंगणाकडे वळू. मार्च २०२५ मध्ये एका विनोदकाराने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत सादर केले म्हणून मुंबईत खार येथील 'हॅबिटॅट' या सभागृहाची सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. अशा प्रयोगांतील सारेच काही स्वागतार्ह असते असे नाही. शिवीलाच विनोद समजणारे, इतरांच्या श्रद्धास्थानांची कुचेष्टा करून टाळ्या मिळवणारे आणि एकाच बाजूची व्यंगे शोधणारे विनोदवीर पुष्कळ आहेत. त्यांचा समाचार अवश्य घ्यावा. परंतु तो शब्दांनी घ्यावा, तिकीट न काढून घ्यावा, मर्यादा ओलांडली असेल तर न्यायालयात घ्यावा. खुर्च्या मोडल्याने विनोद मोडत नाही. उलट शे-दोनशे श्रोत्यांपुरते असलेले कवन घराघरांत पोहोचते आणि आपला नेता एका गाण्यानेही कोलमडेल अशी भीती त्याच्याच अनुयायांना वाटते, हे जगजाहीर होते. यापेक्षा नेत्याची मोठी विटंबना ती कोणती?

राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. संघटनेत गुरुस्थानी व्यक्ती न ठेवता ध्वज ठेवण्यामागेही हीच दृष्टी आहे: माणूस स्खलनशील असतो, तत्त्व टिकते. हा संस्कार उत्सवापुरता ठेवायचा की व्यवहारात आणायचा, याची परीक्षा आपल्या आवडत्या नेत्यावर कोणी विनोद केला म्हणजे होते. विरोधकावरील विनोदाला हसण्यास मोठे मन लागत नाही; ते लागते ते आपल्या माणसावरील विनोद ऐकून घेण्यास.

कार्य उभे राहते ते झूल पांघरून आकाशातून उतरणाऱ्या महानायकामुळे नव्हे, तर वस्तीवस्तीत पायी फिरणाऱ्या सामान्य कार्यकर्त्यामुळे. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला विदूषकाची भीती वाटण्याचे कारण नाही. त्याने प्रेक्षागृहात जावे, विनोद चांगला असेल तर मोकळेपणाने हसावे, वाईट असेल तर उठून यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कामाला लागावे.