श्वास आणि रक्त यांची गांठ

बारामती-इंदापुराकडे काटक्या-गोवऱ्यांच्या धुरांत ज्यांचा जन्म गेला, त्या गृहिणींस उतारवयांत धाप लागते. घरचीं माणसें 'वय झालें' म्हणतात. क्ष-किरण-चित्रांत कांहीं दिसलें नाहीं, कीं बिचारीचें गाऱ्हाणें खोटेंच ठरतें.

वास्तविक हवा फुप्फुसांत शिरणें निराळें आणि तींतील प्राणवायु रक्तास मिळणें निराळें. नेहमींचें एम.आर.आय. यंत्र मुख्यतः शरीरांतील पाण्यावरून चित्र काढतें. हवेनें भरलेलें फुप्फुस त्यांत काळेंच उमटतें. म्हणून झेनॉन वायूचे अणु लेसरच्या साह्यानें चुंबकदृष्ट्या जागृत करून तो रोग्यास श्वासावाटे देतात. (१८९८ सालीं रॅम्से व ट्रॅव्हर्स यांना सांपडलेला हा वायु हवेच्या एक कोटी भागांत एक भागहि नसतो!) रोगी क्षणभर श्वास रोखतो, तोंच झेनॉन वायुकोशांतून पातळ पडद्यांत व तेथून रक्तकणांत उतरतो, तिन्ही ठिकाणीं त्याचा सूर वेगळा लागतो, आणि यंत्र तो टिपतें. पडद्यांत पुष्कळ पण रक्तकणांत थोडा आढळला, तर पडदा जाड झाला असावा. वायुकोशच मोडले असतील, तर दोहोंकडे तो कमी. ऑक्सफर्ड-शेफील्डच्या संशोधकांनीं २०२२ सालीं करोनानंतर धापणाऱ्या कांहीं रोग्यांत असा दोष दाखविला, त्यांचें सी.टी. चित्र जवळजवळ निर्दोष होतें.

अमेरिकेंत डिसेंबर २०२२ मध्यें ह्या वायूस परवानगी मिळाली, ती मात्र वायुसंचार पाहण्यापुरतीच.

तोंवर घरच्या वडील बायकांची फुंकून करावयाची स्पायरोमेट्री तरी करवावी, आणि डॉक्टरांस चुलीपुढचीं वर्षें मोजून सांगावीं. विडीचीं वर्षें ते विचारतात; हीं सहसा कोणी विचारीत नाहीं.