शेतकऱ्याचे खाते की खाणाऱ्याचे?

सिंगापूरला शेतकीमंत्री नाही. भारताला आहे, आणि त्याच्या मंत्रालयाच्या नावात २०१५ पासून ‘शेतकरी कल्याण’ हे शब्दही आले आहेत. तेव्हा तिकडे शेतकऱ्याला वाली आहे आणि आपल्या बेटावर नाही, असे कोणालाही वाटेल. गेल्या काही वर्षांतील घटना पाहता आम्हांला मात्र तसे वाटत नाही.

कांद्याचेच उदाहरण घेऊ. टेक्का बाजारात आपण जो भारतीय लाल कांदा घेतो, त्याच्यामागे नाशिक जिल्ह्याची शेते आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. निषेधार्थ लासलगाव आणि आसपासच्या बाजार समित्यांतील लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला तर निर्यातच थांबवण्यात आली. ती मे २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि शुल्क पुरते उठले ते १ एप्रिल २०२५ रोजी. शहरातल्या गरिबाला कांदा परवडावा हा हेतू वाईट नव्हता. पण त्या स्वस्ताईची किंमत मोजली ती कांदा पिकवणाऱ्याने.

या सगळ्यात कृषी मंत्रालय कुठे होते? निर्यातीची किल्ली वाणिज्य मंत्रालयाकडे, शुल्क अर्थ मंत्रालयाकडे, सरकारी कांद्याचा साठा ग्राहक व्यवहार खात्याकडे. खत एका मंत्रालयाकडे, तर धरणांचे पाणी दुसऱ्याकडे. शिवाय घटनेप्रमाणे शेती हा विषयच मुळी राज्यांचा. कृषी मंत्रालयाच्या हाती उरतात ते बियाणे, संशोधन, पीकविमा आणि २०१९ पासून पात्र शेतकरी कुटुंबाला मिळणारे वर्षाचे ६,००० रुपये. गहू, भात, कापूस अशा पिकांना हमीभाव जाहीर होतो. कांदा त्या यादीत नाही.

अमरावतीकडचे डॉ. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ या काळात भारताचे कृषिमंत्री होते. पुढे नगर जिल्ह्यातले अण्णासाहेब शिंदे याच खात्याचे राज्यमंत्री झाले. त्यांच्या काळात देशाला परदेशी गव्हावर दिवस काढावे लागत. ‘अधिक पिकवा’ हेच तेव्हा खात्याचे काम होते, आणि ते त्याने चोख केले. आज शेतकऱ्याला पिकवता येते. अडते ते विकताना. खात्याची रचना मात्र अजून पिकवण्यापुरतीच राहिली आहे.

आता आपल्या बेटाकडे वळू. १९५९ मध्ये येथे प्राथमिक उत्पादन खाते स्थापन झाले. त्या काळी बेटावर हजारो लहान शेते होती, आणि १९७० च्या दशकात डुकराचे मांस व अंडी यांत आपण जवळजवळ स्वयंपूर्ण होतो. पुढे घरे, कारखाने आणि पाण्याचे जलाशय यांना जागा हवी झाली. १९८४ मध्ये डुक्करपालन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि पुंगोलचे गोठे इतिहासजमा झाले. पुढे खात्याचे मंडळ झाले, आणि २०१९ मध्ये अन्न संस्था. ही संस्था आज पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिचे पहिले काम म्हणजे बेटाला सुरक्षित अन्न अखंड मिळवून देणे. हे काम ती उत्तम करते. आपले नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते, तरी ताट रिकामे राहत नाही. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हाही विशेष बाब म्हणून सिंगापूरला ५०,००० टन तांदूळ देण्याचे भारताने मान्य केले.

परंतु येथेही पिकवणाऱ्याच्या वाट्याला अनिश्चितताच आली. लिम चू कांगमधील कितीतरी शेतांची जागा लष्करी सरावासाठी लागणार, हे २०१४ मध्ये जाहीर झाले. २०१९ मध्ये ‘२०३० पर्यंत ३० टक्के’ ही घोषणा झाली, आणि तिच्या भरवशावर अनेकांनी भांडवल घातले. वीज आणि मजुरी महागली, गिऱ्हाईक मात्र स्वस्त आयात मालाकडेच वळले. काही शेते बंद पडली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये ते उद्दिष्ट बाजूला ठेवून २०३५ साठी नवी उद्दिष्टे ठरली: भाज्या, मोड आलेली कडधान्ये व अळंबी यांत २० टक्के, अंडी व मासे यांत ३० टक्के. न झेपणारे उद्दिष्ट सोडणे हा प्रामाणिकपणाच. पण त्यावर विसंबलेल्याचे काय?

आम्हांला दोन्हीकडे एकच उणीव दिसते. खाणाऱ्याची बाजू घेणारे खाते बलवान आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण त्याच टेबलाशी पिकवणाऱ्याच्या वतीने बोलणारे, आणि ज्याचा शब्द मोजला जातो असे, कोणी नाही. खाणाऱ्यासाठी सरकारने भाव पाडला, तर त्याची तूट सरकारी तिजोरीने भरावी, शेतकऱ्याच्या घराने नव्हे. आणि सरकारने शेतकऱ्याला उद्दिष्ट दिले, तर त्याच्याबरोबर जागेची व खरेदीची शाश्वतीही द्यावी.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्याचा नांगर सुटून दोन-तीन पिढ्या झाल्या. तरी पुढच्या वेळी स्थानिक पालेभाजी चार पैसे महाग दिसली, तर ती का महाग आहे याचा विचार वाचकांनी करावा, एवढीच आमची विनंती.