सत्कार नंतर, आधी सात हजार!

कॉलेज आणि बास्केटबॉल म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एकच सीन येतो. १९९८ चा 'कुछ कुछ होता है', कोर्टवर राहुल-अंजली आणि भोवती ओरडणारं पब्लिक. घाम कमी, ब्रँडेड कपडे जास्त. चालायचंच! पण त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल हॉलमध्ये एक खराखुरा सीन झाला होता. तो करण जोहरलाही सुचला नसता.

हीरो होता विल्ट चेंबरलेन. सात फुटांहून उंच आणि १९६२ साली एनबीएच्या एकाच मॅचमध्ये १०० पॉइंट काढणारा बाप माणूस. त्याआधी तो कॅन्ससकडून कॉलेज बास्केटबॉल खेळायचा. १९५७ च्या फायनलमध्ये त्याची टीम तीन ओव्हरटाइमनंतर ५४-५३ अशी हरली. एका पॉइंटने! पुढे त्याला पैसा मिळाला, नाव मिळालं, पण कॉलेजकडे त्याची पावलं फारशी वळली नाहीत. आपण कॉलेजला तोंडघशी पाडलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी १७ जानेवारी १९९८ ला तो आला. अंगात कॉलेजचं जॅकेट. त्याची १३ नंबरची जर्सी हॉलमध्ये वर टांगली गेली आणि पब्लिक उभं राहिलं. पुढच्याच वर्षी तो गेला. नंतर त्याच्या इस्टेटीतून विद्यापीठाला साडेसहा लाख डॉलर मिळाले.

तिकडचा फंडा असा. जर्सी वर लटकवायची, म्हाताऱ्या स्टारला पहिल्या रांगेत बसवायचं आणि नव्या पोरांना दाखवायचं, बघा, हा आपला. यात बिझनेस आहेच, नाही कोण म्हणतंय? पण चाळीस वर्षं दूर राहिलेल्या माणसाला बोलावून 'आम्ही रागावलो नव्हतो' असं सांगणं, हे मला सॉलिड वाटतं.

आता आपल्याकडे या. आपल्या कॉलेजांना जर्सी टांगायची सवय नाही. पण कोल्हापूरच्या एका कॉलेजने यापेक्षा भारी काम केलंय, तेही मेडल मिळायच्या आधी.

खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. लक्षात घ्या, तोवरचा सगळा सराव तांबड्या मातीतला. मॅटवरची कुस्ती, तिचे नियम, सगळं तिकडे जाऊन शिकायचं. तरी सहावे!

१९५२ च्या हेलसिंकीची गोष्ट आणखी वाकडी. निवडीतच त्यांना डावललं गेलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्याला चीतपट केलं. निवड झाली. पण जायला पैसे कुठायत? लोकांकडून वर्गणी गोळा करणं सुरू झालं. सरकारी मदत नको तितकी उशिरा हलत होती (यात नवीन काय म्हणा!). अशा वेळी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

एक मिनिट थांबा इथे. सात हजार म्हणजे आज आपल्यातल्या काहींचं एका वीकेंडचं बिल. १९५२ साली ते एका घराच्या तारणावर मिळणारे पैसे होते. खेळाडू हरून आला असता तर? मेडलची गॅरंटी नाही, स्पॉन्सरचा लोगो नाही, आयकरात सूट नाही. प्राचार्यांच्या घरच्यांनी त्या रात्री काय म्हटलं असेल, याचा विचार करून मीच टेन्शनमध्ये येते.

खाशाबांनी बँटमवेटमध्ये ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. सुवर्ण जिंकलेल्या जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या लढतीला उभं केलं गेलं आणि नियमातली विश्रांती मागायला तिथे आपला एकही अधिकारी नव्हता, असं सांगतात. नंतर देशाला दुसरं वैयक्तिक मेडल मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसचं. महाराष्ट्राला तर आणखी थांबावं लागलं. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं, तेव्हा ७२ वर्षं झाली होती. तो कोल्हापूर जिल्ह्याचा!

परतल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १५१ गाड्या होत्या म्हणतात. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं घेतली आणि त्या कमाईतून प्राचार्यांचं घर सोडवलं. कॉलेज आणि त्याचा स्टार यांच्यातला हिशेब असा चुकता झाला. सरकारचा हिशेब मात्र लांबला. १९५५ ला ते पोलिसात लागले, १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव २०१० मध्ये लागलं. १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन म्हणून जाहीर झाला, तो २०२३ मध्ये. तोवर हे सगळं बघायला ते होतेच कुठे?

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचं शेलूबाजार. माहीत नसेल तर सांगते, वाशिम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. समृद्धीने नागपूरहून येताना कारंजा मागे पडलं की एक्झिटची पाटी लागते. आमच्याकडे बास्केटबॉल टीव्हीवर. मैदानावर कबड्डी आणि व्हॉलीबॉल. पीटीचे सर बहुतेक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. १९१४ ची संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिकडे कबड्डी दाखवली होती. म्हणजे खेळाचं वेड आमच्या भागात बाहेरून आणावं लागत नाही.

तर, तिकडच्या एका कॉलेजच्या (नाव नको!) माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीही आहे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला मार्क आले आणि सगळीकडच्या कॉलेजांना अचानक आपली आठवण यायला लागली. मेळावा ठरलाय. एका जुन्या कबड्डीपटूचा सत्कार आहे. दादा एकेकाळी विद्यापीठाच्या टीममध्ये होते, आता पोलिसात आहेत. शाल, श्रीफळ, मोठा फ्लेक्स, साउंड, जेवण. माणशी दोन हजार.

वाईट काहीच नाही त्यात. दादांचा सत्कार व्हायलाच हवा. पण मी सहज विचारलं की आत्ताच्या टीमचं काय? उत्तर आलं की पोरं छान खेळतात, फक्त विद्यापीठाच्या स्पर्धेत मॅट असते आणि मॅटवर लागणारे बूट निम्म्यांकडे नाहीत. रोजचा सराव मातीत, अनवाणी. १९४८ च्या लंडनपासून किती पुढे आलो बघा!

मग ग्रुपवर जुंपली. कोणी म्हणालं, फ्लेक्स छोटा करू. कोणी म्हणालं, बूट देणं कॉलेजचं काम, आपण कशाला सवय लावायची? पुण्यातला एक आयटीवाला म्हणाला, पावती मिळणार असेल तर मी चार जोड्या देतो. स्वतः दादांचा मेसेज सगळ्यांत शेवटी आला. रात्री पावणेबारा, ड्यूटी संपल्यावर. 'माझी शाल कॅन्सल करा. पोरांचे साइज पाठवा.'

परवा साइजची यादी आली. अकरा नावं आहेत. सगळ्यांत लहान पाय सहा नंबरचा.