सनद कोणाची, शाळा कोणाची?

अमेरिकेतील ‘चार्टर’ शाळांना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न अनुवादकापुढे येतो तेव्हा ‘सनदी शाळा’ हाच शब्द नेमका वाटतो. ईस्ट इंडिया कंपनीलाही सनदच मिळालेली होती. पैसा सरकारी तिजोरीचा, कारभार खाजगी मंडळाचा आणि पाटी मात्र ‘सार्वजनिक’. मिनेसोटा राज्याने १९९१ साली केलेल्या पहिल्या कायद्यापासून या व्यवस्थेचा सांगाडा हाच आहे.

या ‘सार्वजनिक’ शब्दाची खरी परीक्षा झाली ती पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात. तेथील मतदारांनी सनदी शाळांना १९९६, २००० आणि २००४ अशा तीन वेळा नकार दिला होता. परंतु भांडवलाला नकार समजत नाही. २०१२ साली बिल गेट्स यांच्यासारख्या अब्जाधीशांनी प्रचारात लक्षावधी डॉलर ओतले आणि चौथ्या खेपेस प्रस्ताव निसटत्या बहुमताने मंजूर झाला. जनतेचा कौल म्हणून मिरवला गेला तो हा!

शिक्षकांची संघटना आणि लीग ऑफ विमेन व्होटर्स यांच्यासह अनेकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. ४ सप्टेंबर २०१५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. आधार होता १९०९ सालच्या एका निवाड्याचा. सामाईक शाळा म्हणजे जिच्यावर त्या भागातील मतदारांचे, त्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत, नियंत्रण चालते ती शाळा. सनदी शाळेचे मंडळ लोकांनी निवडलेले नसते. म्हणून सामाईक शाळांसाठी राखलेला पैसा तिला देता येत नाही. बूर्झ्वा न्यायालयाच्या तोंडून निघाली म्हणून ही गोष्ट खोटी ठरत नाही.

त्याच न्यायालयाने अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, सामाईक शाळांना पुरेसा निधी देण्याची योजना सादर न केल्याबद्दल, राज्य सरकारला रोजी एक लाख डॉलर दंड ठोठावला होता. म्हणजे लाखो मुलांच्या शाळांसाठी ज्या विधिमंडळाला वाट सापडत नव्हती, त्याला मूठभर सनदी शाळांसाठी ती काही महिन्यांतच सापडली. २०१६ साली नवा कायदा झाला आणि या शाळांचा खर्च लॉटरीच्या उत्पन्नाच्या खात्यातून भागवण्याचे ठरले. राज्यपालांनी त्यावर सहीसुद्धा केली नाही; सहीवाचूनच तो अमलात आला.

सनदी शाळेच्या दारी रांग लावणाऱ्या गरीब, कृष्णवर्णीय, स्थलांतरित पालकांना दोष देणे हा मात्र शुद्ध अन्याय होईल. त्यांच्या वस्तीतील शाळा वर्षानुवर्षे उपाशी ठेवली गेली, हा त्यांचा गुन्हा नव्हे. पण मूल शाळा सोडते तेव्हा त्याच्या नावचे अनुदानही जाते. इमारत, बस आणि उरलेल्या मुलांसाठीचा शिक्षक यांचा खर्च तेवढाच राहतो. एका मुलाची सुटका मागे उरलेल्या पंचवीस मुलांच्या खर्चाने होते. या हिशेबाबद्दल कायद्याचे पुरस्कर्ते मौन पाळतात.

ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने, एक तरतूद वगळता, हा नवा कायदा उचलून धरला. कारण काय? तर सनदी शाळा या सामाईक शाळाच नव्हेत, सबब सामाईक शाळांची बंधने त्यांना लागू नाहीत! कायद्याच्या मजकुरात मात्र त्यांचे वर्णन आजही ‘सार्वजनिक शाळा’ असेच आहे.