ट्रॉलीच्या चाकातील उपेक्षित सील

ट्रॅक्टरला तासमापक असतो, ट्रॉलीला नसतो. इंजिनाचे तेल किती तासांनी बदलावयाचे हे चालकास ठाऊक असते. मागे जोडलेल्या ट्रॉलीच्या चाकांत ग्रीस शेवटचे केव्हा भरले, हे मात्र मालकालाही क्वचितच सांगता येते. बेअरिंग मोडेपर्यंत ट्रॉली ओढावयाची आणि मोडले की रस्त्यावरच बदलावयाचे, ही रीत मुझफ्फरनगरच्या ऊसपट्ट्यापासून कोल्हापूरपर्यंत रुळली आहे. ती काटकसरीची मानली जाते, हा समज तपासून पाहावयास हवा.

तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातील साखर, दोन्ही वेळ जाईल तशी घटतात. वाटेत चाक बसले की हे नुकसान तेथेच सुरू होते. तोडणी टोळीची मजुरी टनावर ठरलेली असते. रिकामी ट्रॉली फडावर परतली नाही तर ज्यांचा त्या बेअरिंगशी काहीही संबंध नाही, त्यांचा दिवस बुडतो. शिवाय भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर अडकली, तर दुचाकीस्वारांच्या जिवावर बेतते.

साधारणतः प्रत्येक हबमध्ये दोन शंकाकृती रोलर बेअरिंग असतात आणि आतील बाजूस रबरी ओठाचे सील. दोष बेअरिंगला दिला जातो. अनेकदा त्याआधी सील निकामी झालेले असते. भरल्या ओझ्याने तापलेला हब ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधाळ होते, रोलरवर गंज चढतो. म्हणूनच नव्या बेअरिंगसोबत जुनेच सील ठोकून बसविणे हा नव्या बेअरिंगचाही नाश आहे. बेअरिंगच्या मानाने सीलची किंमत किरकोळ. तरीही दुकानात पहिली काटछाट होते ती त्याच्यावरच! सील ज्या पृष्ठभागावर टेकते तेथे ओरखडे वा चर असतील, तर नवे सीलही टिकत नाही.

काम अवघड नाही. ट्रॉली रिकामी करून, उरलेल्या चाकांना उटी लावून, केवळ जॅकवर न विसंबता आसाखाली भक्कम आधार द्यावा. चाक वर-खाली धरून हलविल्यास ढिलेपणा कळतो, फिरविल्यास घरघर ऐकू येते. हब उघडून बेअरिंग रॉकेलने वा डिझेलने धुऊन पूर्ण वाळवावे. खड्डे, गंज किंवा निळसर झाक दिसल्यास आतील कोन व बाहेरील कप, दोन्ही एकत्रच बदलावेत. चाकांसाठीचे लिथियम ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या फटींत दाबून भरावे. जुन्या, वेगळ्या जातीच्या ग्रीसमध्ये ते मिसळू नये आणि हब गच्चही भरू नये. सर्वाधिक चुका होतात त्या नटपाशी. पान्यावर सारा जोर टाकणे म्हणजे पक्के काम, ही समजूत जुनी आहे. वास्तविक चाक फिरवीत नट आवळून, मग किंचित मागे घ्यावा लागतो. चाक मोकळे फिरावे, पण हलू नये. स्प्लिट पिन नेहमी नवीच घालावी. काही अंतर चालवून हबला बेताने हात लावून पाहावा. कोमट असणे ठीक, हात ठेववत नसेल तर पुन्हा उघडावे.

गाळपाच्या धांदलीत सवड नसते, ही वाहतूकदारांची तक्रार खरी आहे. परंतु पावसाळा सरल्यापासून गळीत हंगाम सुरू होईपर्यंतचे दिवस याच कामाचे आहेत. साखर कारखान्यांनी वाहतूक करार करतानाच चाकांची तपासणी सक्तीची करावी आणि सील बदलल्याची तारीख ट्रॉलीच्या सांगाड्यावर रंगवून घ्यावी. बुधनी व हिसार येथील कृषी यंत्र प्रशिक्षण संस्थांमध्ये ट्रॅक्टरच्या देखभालीचे शिक्षण मिळते. तेथे येणाऱ्या प्रत्येक चालकाकडून ट्रॉलीचा एक हब स्वतःच्या हातांनी उघडवून, भरवून, पुन्हा बसवून घेण्यास अर्धा दिवस पुरेल.