साक्ष द्यावी की रोजी राखावी?

सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या महिलेची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. कारखान्यातून पान-तंबाखू आणावी, विड्या वळून परत द्याव्यात. ज्या दिवशी विड्या नाहीत, त्या दिवशी मजुरीही नाही. यंत्रमाग कामगाराचे गणितही याहून फारसे निराळे नाही. समजा, अशा एखाद्या भगिनीचे मंगळसूत्र भररस्त्यात हिसकावले गेले. तिने धैर्याने फिर्याद दिली, चोर पकडला गेला, दोषारोपपत्र दाखल झाले. बऱ्याच काळाने समन्स हाती पडते. काम बुडवून ती न्यायालयात जाते, पुकाऱ्याची वाट पाहत दिवसभर थांबते आणि सायंकाळी पुढची तारीख घेऊन परतते. चोराने तिला एकदाच लुटले. नंतरची प्रत्येक तारीख तिची एकेक दिवसाची रोजी लुटते.

दुकानातील नोकर, खाजगी कार्यालयातील कारकून यांची स्थितीही अशीच. पहिल्या तारखेला मालक सहानुभूतीने रजा देतो, तिसऱ्या तारखेला त्याच्या कपाळावर आठी उमटते. न गेल्यास न्यायालय वॉरंट काढू शकते. गेल्यास नोकरी डळमळते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यालाच ही शिक्षा कशासाठी?

कायद्याला हे ठाऊक नाही, असे नाही. फिर्यादी व साक्षीदारांना वाजवी खर्च देण्याची तरतूद 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 350 मध्येही ती आहे. साक्षीदार हजर असताना विशेष कारण नोंदविल्याविना तहकुबी देऊ नये आणि वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत ही सबब मानू नये, असे कलम 346 सांगते. तहकुबी मागणाऱ्यावर खर्च बसविण्याचीही मुभा आहे. साक्षीदारांच्या हेलपाट्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्वर्णसिंग खटल्यात तीव्र खंत व्यक्त केली. न्यायमूर्ती मळीमठ समितीनेही 2003च्या अहवालात साक्षीदाराला सन्मानाने वागविण्याचा आग्रह धरला. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी मिळावी, असा कायदा 1996 पासून आहे. रोजंदारीवरील मजूरही त्यातून वगळलेला नाही. मतदान हे राष्ट्रीय कर्तव्य असेल, तर गुन्हेगाराविरुद्ध साक्ष देणे हे काय खाजगी काम आहे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समन्सवरून साक्षीला गेलेल्या नोकरदाराला त्या कारणाने कामावरून काढणे बेकायदा आहे. आपल्याकडील खाजगी नोकरदाराला असे स्पष्ट संरक्षण का असू नये?

26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यात पायाला गोळी लागलेल्या देविका रोटावनने जून 2009 मध्ये कुबड्यांच्या आधाराने न्यायालयात येऊन कसाबला ओळखले. देशाने तिचे कौतुक केले. पण साक्षीनंतर व्यापारी दुरावले आणि वडिलांचा सुक्या मेव्याचा धंदा बसला, असे तिच्या कुटुंबाने वेळोवेळी सांगितले आहे. एवढ्या गाजलेल्या खटल्यात ही गत, तर अनाम विडी कामगार महिलेची काय कथा! आरोपीपक्षाला तिला धमकावण्याचीही गरज पडत नाही. तारखाच तिला थकवितात. मग ती कंटाळून तडजोड करते, साक्ष फिरवते आणि गुन्हेगार निर्दोष सुटतो.

18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सोलापूरकरांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. आता जिल्ह्यातील हेलपाटाही थांबावा. आलेल्या साक्षीदाराची साक्ष त्याच दिवशी नोंदली जावी, बुडालेली मजुरी भत्त्यात धरून त्याच दिवशी हाती पडावी आणि दूरच्या तालुक्यातील साक्षीदारासाठी दृक्श्राव्य साक्षीची सोय व्हावी.

मात्र सारे शासनावर सोडूनही चालणार नाही. कारखानदाराने समन्स पाहून भरपगारी रजा द्यावी. शेजाऱ्यांनी, कार्यकर्त्यांनी तारखेला तिच्यासोबत जावे. श्रमदानातून तलाव उभारणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत सत्य सांगायला गेलेल्या श्रमिकाच्या घरी त्या संध्याकाळी चूल विझलेली राहणे शोभणारे नाही.