घरांतील यंत्रें : टीव्ही आणि फोन यांचें कां जुळत नाहीं?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक तक्रार वारंवार आढळूं लागली आहे. घरांतील ‘स्मार्ट’ टीव्ही फोनाच्या हॉटस्पॉटला जोडला जात नाहीं. कधीं टीव्हीला हॉटस्पॉटचें नांवच दिसत नाहीं. कधीं नांव दिसतें, पण पासवर्ड बरोबर असूनहि तो नाकारला जातो. आणि कधीं ‘जोडलें गेलें’ अशी अक्षरें पडद्यावर उमटूनहि चित्र म्हणून हलत नाहीं. यांतील पुष्कळ पत्रांना टपालानें चार ओळींचें उत्तर पुरलें असतें. परंतु रत्नागिरी जिल्ह्यांतील एका भगिनींच्या पत्रामुळें हा विषय येथें सविस्तर घ्यावा असें वाटलें.

त्यांच्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. भाद्रपदांत पडवीच्या पायरीवरून पडल्यामुळें मांडीचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली, पण अजून अंथरूण सुटलेलें नाहीं. पुण्याच्या थोरल्या चिरंजीवांनीं आईच्या खाटेसमोर टीव्ही लावून दिला. वाडीपर्यंत इंटरनेटची तार आलेली नाहीं. म्हणून सूनबाईंच्या फोनाचा हॉटस्पॉट लावून सासूबाई संध्याकाळीं तासभर कीर्तन ऐकत. दिवाळींत सूनबाईंनीं नवा फोन घेतला, आणि त्या दिवसापासून टीव्हीनें जणूं असहकार पुकारला आहे. पत्राच्या अखेरीस त्या लिहितात : ‘सासूबाई म्हणतात, राहूं द्या तो टीव्ही. माझ्यासाठीं कोणी खटपट करूं नका. मला कांहीं नको.’

अंथरुणाला खिळलेलें माणूस ‘मला कांहीं नको’ म्हणूं लागलें, म्हणजे घरांतील इतरांनीं तें अक्षरशः घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. तेव्हां आधीं यंत्राकडे वळूं.

हॉटस्पॉट लावला म्हणजे फोन दोन कामें एकाच वेळीं करूं लागतो. एका बाजूनें तो मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याशीं बोलतो, आणि दुसऱ्या बाजूनें घरापुरतें एक लहानसें वाय-फायचें क्षेत्र निर्माण करून त्यांत येणाऱ्या यंत्रांना बाहेरचा मार्ग देतो. टीव्हीला प्रथम हें क्षेत्र दिसावें लागतें. मग दारावर त्याची ओळख पटावी लागते. आणि आंत आल्यावर फोनामार्फत बाहेर जातां यावें लागतें. आपला टीव्ही यांपैकीं कोठें अडला आहे हें पाहिल्यावांचून जो मनुष्य रिमोटचीं सर्व बटणें दाबीत सुटतो, तो बिघाडांत भर मात्र घालतो.

दोष टीव्हीचा कीं फोनाचा, हें ठरविण्यास आपल्याकडील नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची रीत पुरेशी आहे. एक असतां दुसरें असतें काय, आणि तें नसतां दुसरेंहि नसतें काय, एवढेंच पाहावयाचें. त्याच हॉटस्पॉटला घरांतील दुसरा एखादा फोन जोडून पाहावा. तो जोडला गेला व त्यावर इंटरनेट चाललें, तर हॉटस्पॉट मुळांत जिवंत आहे. नंतर शेजाऱ्यांच्या फोनाचा हॉटस्पॉट घेऊन त्याला टीव्ही जोडून पाहावा. तो जोडला गेला, तर टीव्हीचें वाय-फायहि शाबूत आहे. दोन्ही ठीक असून एकमेकांशींच जमत नसेल, तर तो बिघाड नव्हे. दोघांच्या मांडणींतील विसंगति होय. या भगिनींच्या घरीं तर ही परीक्षा आपोआप झालेली आहे. जुन्या फोनाशीं टीव्ही चालत होता, नव्याशीं चालत नाहीं, आणि नव्या फोनाला नातीचा टॅब्लेट मात्र निमूटपणें जोडला जातो. त्यामुळें टीव्ही दुरुस्तीस धाडण्याचें कांहीं कारण नाहीं.

अशा विसंगतीचें सर्वांत मोठें कारण लहरींच्या पट्ट्यांत असतें. वाय-फायच्या लहरी घरगुती वापरांत मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात : एक २.४ गिगाहर्ट्‌झचा, दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. पहिल्या पट्ट्यांतील लहरींची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरहि नव्हे. दुसऱ्यांतील तिच्या निम्मी, ५ ते ६ सेंटिमीटर. आंखूड लहरींचा पट्टा अधिक वेगानें माहिती नेतो, पण भिंतींनीं लवकर थकतो. लांब लहरींचा पट्टा सावकाश, पण कोंकणांतील चिऱ्याच्या भिंतीतून त्यांतल्या त्यांत बरा पार होतो. (स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीहि २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालते. म्हणून ती चालूं असतां या पट्ट्यांत कधीं कधीं व्यत्यय येतो. टीव्ही व भट्टी यांमध्यें एकच भिंत असेल, तर हें ध्यानांत ठेवावें.) स्वस्त व थोड्या जुन्या टीव्हींना पुष्कळदां केवळ २.४ चाच पट्टा कळतो. नवा फोन मात्र वेगाच्या हौसेनें ५ च्या पट्ट्यावर हॉटस्पॉट उघडतो. एक जण संस्कृत बोलतो आहे आणि ऐकणाऱ्यास केवळ मोडी वाचतां येते, अशांतला हा प्रकार! टीव्हीला त्या हॉटस्पॉटचें नांवहि दिसणार नाहीं, मग पासवर्डाची गोष्टच दूर.

आपल्या टीव्हीस कोणता पट्टा कळतो हें त्याच्या माहितीपुस्तिकेंत वाय-फायच्या ओळींत पाहावें. तेथें ‘८०२.११ बी/जी/एन’ एवढेंच असेल, तर बहुधा २.४ च समजावें. पुढें ‘एसी’ हीं अक्षरें असतील, तर ५ चा पट्टाहि त्यास कळतो.

उपाय फोनांत करावयाचा. अँड्रॉइड फोनांत सेटिंग उघडून हॉटस्पॉटच्या पानावर जावें. तेथें ‘बँड’ किंवा तत्सम नांवाची ओळ असते, तींत २.४ गिगाहर्ट्‌झ निवडावें. कंपनीगणिक शब्द निराळे असतात, आणि कांहीं फोनांत ही ओळ ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या शब्दाखालीं दडलेली असते. तेवढी शोधाशोध करावी लागते. आयफोनांत १२ व्या आवृत्तीपासून पुढें ‘पर्सनल हॉटस्पॉट’च्या पानावर ‘मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ अशी कळ दिलेली आहे. ती चालूं केली म्हणजे फोन लांब लहरींच्या पट्ट्यावर येतो. शिवाय टीव्ही जोडला जाईपर्यंत आयफोनाचें तें पान उघडेंच ठेवावें; मिटलें तर हॉटस्पॉट दिसेनासा होण्याचा संभव असतो.

नांव दिसूं लागलें, पण दारावरच अडवणूक होते, अशी स्थिति असेल तर पासवर्डाकडे पाहावें. रिमोटनें एकेक अक्षर वेंचून पासवर्ड लिहिणें हें मोठें कंटाळवाणें काम असून त्यांत मोठ्या लिपीचें अक्षर लहान होणें, शून्याच्या जागीं ‘ओ’ पडणें, शेवटीं नकळत एक रिकामी जागा जाणें, हे प्रमाद नित्याचे आहेत. म्हणून टीव्हीसाठीं पासवर्ड आठदहा साध्या अक्षरांचा व आंकड्यांचा ठेवावा; आठाहून कमी अक्षरें चालत नाहींत. फोनाचें नांवहि साधें असावें. नांवांत कोणी स्वल्पविरामासारखें चिन्ह, हृदयाचें किंवा फुलाचें चित्र घालून ठेवतात. तरुणांना तें शोभतें, पण कांहीं टीव्हींना त्याचा अर्थ लागत नाहीं.

यापुढें सुरक्षिततेची पद्धति येते. संकेत झाकून पाठविण्याची ‘डब्ल्यूपीए२’ ही पद्धति २००४ सालीं आली. ‘डब्ल्यूपीए३’ ही तिच्याहून कडक पद्धति २०१८ सालची. नवे फोन कधीं कधीं ही नवी पद्धति धरून बसतात, आणि जुना टीव्ही ती जाणत नाहीं. हॉटस्पॉटच्या पानावर ‘सिक्युरिटी’ या ओळींत ‘डब्ल्यूपीए२ पर्सनल’ निवडलें कीं हा तंटा मिटतो. पद्धतच काढून टाकून हॉटस्पॉट सर्वांना मोकळा करण्याचा सल्ला कोणी देईल, तो मुळींच ऐकूं नये. वाडींतील पोरें रात्रभर तुमच्या डेट्यावर खेळतील तें एक असो. पण तुमच्या सिमवरून कोणीं काय केलें याचा जाब तुमच्याच दारीं येईल.

फेरफार झाल्यावर टीव्हीच्या वाय-फाय यादींतील जुनें नांव ‘फर्गेट’ करून पुसून टाकावें आणि नव्यानें जोडावें. जुना पासवर्ड मनांत धरून बसण्याची यंत्रांना खोड असते. टीव्ही रिमोटनें बंद करणें म्हणजे बंद करणें नव्हे. तो केवळ डुलकी घेतो. भिंतीवरील बटण बंद करून एकदोन मिनिटें थांबावें व मग चालूं करावा. फोनहि एकवार बंद करून उघडावा. हॉटस्पॉट कांहीं वेळानें आपोआप मिटण्याची सोय फोनांत असते. कीर्तन मध्येंच तुटत असेल तर ती काढून टाकावी. बॅटरी वांचविण्याची कळहि तेवढा वेळ बंद असावी.

आतां तिसरी स्थिति : जोडलें गेलें आहे, पण चालत नाहीं. येथें प्रथम टीव्हीचें घड्याळ पाहावें. हें ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. परंतु आजचीं संकेतस्थळें आपली ओळख पटविण्यासाठीं एक प्रमाणपत्र दाखवितात, आणि त्या प्रमाणपत्रास मुदत असते. वीज वारंवार जाऊन टीव्हीची तारीख १९७० सालापर्यंत मागें गेली असेल, तर त्याच्या दृष्टीनें तें प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलें नसतें, आणि तो तें नाकारतो. तारीख व वेळ हातानें नीट लावली कीं अडलेली गाडी चालूं लागते.

घड्याळ ठीक असेल तर डेट्याचा हिशेब करावा, आणि कुटुंबांतील कलहाचें मूळ बहुधा येथेंच सांपडतें. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतें कीं साध्या दर्जाच्या चित्रास तासाला सुमारें १ जीबीपर्यंत, एचडी चित्रास ३ जीबीपर्यंत आणि त्याहून उंची चित्रास ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. दिवसाला दीड जीबी देणारें सिम असेल, तर एचडी चित्र अर्ध्या तासांत दिवसाचा शिधा संपवितें. त्यानंतर पुष्कळ योजनांत वेग ६४ किलोबिटांवर उतरतो. निरोप कसाबसा जातो, चित्र हलत नाहीं. टीव्ही ‘जोडलेला’च दिसतो, आणि घरचीं माणसें त्यालाच दोष देतात. कीर्तनकारांच्या उपरण्याचा काठ मोजावयाचा नसेल, तर चित्राचा दर्जा ४८० वर आणून ठेवावा. आवाजांत फारसा फरक पडत नाहीं, आणि सासूबाईंना हवा आहे तो आवाज.

भगिनींच्या पत्रांत एक वाक्य ओघांत येऊन गेलें आहे. मला तें सर्वांत महत्त्वाचें वाटलें. नात बारावीला आहे, तिचे पाठ त्याच फोनाच्या डेट्यावर चालतात, आणि ‘आजीच्या कीर्तनामुळें अभ्यास बुडतो’ असें एकदां कोणीतरी आजीच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानें बोललें. ‘मला कांहीं नको’ हे उद्गार त्यानंतरचे असावेत. शिवाय सूनबाई दहा ते पांच शाळेंत शिकवावयास जातात, आणि फोन त्यांच्याबरोबर जातो. म्हणजे पट्टा बदलून नवा फोन जुळला, तरी म्हातारीचा दिवस सुनेच्या येण्याजाण्यावर टांगलेलाच राहणार. घड्याळाकडे पाहत पडून राहणें, आणि ती दमून आली कीं तिच्याकडे फोन मागणें, हें मानी माणसाच्या जिवावर येतें.

म्हणून माझी सूचना अशी. पट्ट्याचा उपाय करून पाहावाच. पण जुना फोन कपाटांत पडून असेल तर तो बाहेर काढावा. टीव्हीशीं त्याचें जुळत होतें हें सिद्धच आहे. त्यांत एक स्वतंत्र सिम घालून तो खाटेजवळ कायमचा ठेवावा, आणि हॉटस्पॉटचें नांव व पासवर्ड पूर्वींचेच ठेवावे, म्हणजे टीव्ही त्याला आपण होऊन ओळखील. वाडींत कोणत्या कंपनीचा मनोरा बरा लागतो तें शेजारीं विचारूनच सिम घ्यावें. खर्च पुण्याच्या चिरंजीवांनीं सोसावा. ज्यानें आईला टीव्ही दिला, त्यानें त्याचें खाद्यहि पुरविणें न्याय्य आहे. नातीचा डेटा नातीला, आजीचा आजीला.

एक सावधगिरीची सूचना मात्र सर्वच वाचकांना. टीव्ही चालेना म्हणून इंटरनेटवर मदतीचा दूरध्वनि शोधूं नये. तेथें भामट्यांनीं खोटे क्रमांक पेरलेले असतात. ते गोड बोलून फोनांत एखादें अ‍ॅप घालावयास सांगतात आणि त्यायोगें बँकेंतील पैसे लांबवितात. क्रमांक पाहिजे असल्यास टीव्हीच्या पुस्तिकेंतूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

जुना फोन अहोरात्र विजेला लावून ठेवूं नये. हॉटस्पॉटनें तो तापतो आणि बॅटरी फुगूं शकते. त्याचें रबरी आवरण काढून तो लांकडी फळीवर मोकळा ठेवावा, गादीवर किंवा उशीखालीं नव्हे. कीर्तनापूर्वीं तासभर भरून घेतला तर पुरे. पाठ फुगलेली दिसली, तर त्याच दिवशीं तो वापरांतून काढावा.